वाजवल्यासारखं करा

आमच्या जाऊबाईंच्या तोंडात खिळे असले की त्यांच्याशी बोलायचं नाही, हा आमच्या घरातला पहिला नियम. खिळे म्हणजे खरोखरचे खिळे. बारीक, चपट्या डोक्याचे, सोफ्याचं कापड लाकडाला ठोकायचे. मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठांवर आणायचा, लोहचुंबकाच्या हातोडीला चिकटवायचा आणि ठोकायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाई अबोल आहे. कसली अबोल. खिळे संपले की त्या तोंडातून जे बाहेर पडायचं, त्यापेक्षा खिळे परवडले.

दोन भाऊ, दोन जावा आणि एक दुकान, असा आमचा संसार. भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, सोफ्यांचे सांगाडे सांधतात आणि फोम कापतात. आमचे हे टेम्पोतून सोफे आणतात आणि पोचवतात. जाऊबाई ताणून ठोकतात. मी मशीनवर खोळी शिवते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. भांडायचं काम मी मागून घेतलंय, कुणी माझ्या गळ्यात मारलेलं नाही.

आमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे नाचाचा हॉल आहे. तिथे मास्तर बचाटा शिकवतात. कुठल्याशा लांबच्या बेटावरचा नाच, जोडीनं करायचा. तीन पावलं टाकायची आणि चौथ्याला कंबर हलकेच उडवायची. त्या गाण्यांत गिटार पुढे असते आणि बाकी सगळे तिच्या मागे. रोज संध्याकाळी ती गाणी भिंतीतून आमच्याकडे झिरपायची. वर्षानुवर्षं झिरपत होती. जाऊबाईंची हातोडी त्या तालावर कधी चालायला लागली ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. टक, टक, टक, आणि चौथा जरा वजनानं. मी एकदा दाखवून दिलं तर म्हणाल्या, "तुला काम नाही वाटतं, धाकटे."

आणि मग एक दिवस त्या गिटार घेऊन आल्या.

भाऊजींनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "ही कुणाची दुरुस्तीला आली?"

"माझी आहे."

"कशाला?"

"वाजवायला."

"या वयात?"

जाऊबाईंनी खिळे तोंडात टाकले. संभाषण संपलं.

दिसायला साधीच गिटार होती, लाकडी, पोकळ पोटाची, मध्ये गोल भोक. पण तारा ज्या पांढऱ्या पट्टीवर टेकतात, तिच्याखाली आत पिकअप होता, तारेचा आवाज उचलून वायरीत देणारा. कडेला दोन-तीन बटणं आणि बुडाशी वायर खोचायची जागा. वायर न लावता घरात वाजवा, लावून हॉलभर ऐकवा. दुकान बंद झाल्यावर जाऊबाई फोमच्या गठ्ठ्यावर बसायच्या, मोबाइलवर बघायच्या, भिंतीला कान लावायच्या आणि वाजवायच्या. सुईनं टोचून टोचून त्यांच्या बोटांची टोकं आधीच दगड झालेली. तारांनी त्यांचं काय वाकडं करायचं? पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी दात-ओठ खाऊन ऐकलं. दुसऱ्या वर्षी आमचे हे जेवताना म्हणाले, "आज वहिनींनी वाजवलं नाही का?" तेव्हा मला कळलं की गाडी रुळावर आली आहे.

भिंत काही एकाच बाजूनं ऐकू देत नाही. एक दिवस मास्तर दुकानात आले. उंच, ताठ, चालतानासुद्धा पावलं मोजून टाकणारे. म्हणाले, "इथे गिटार कोण वाजवतं?" मी जाऊबाईंकडे बोट दाखवलं. त्यांच्या तोंडात खिळे होते, त्यामुळे बिचाऱ्यांना मान हलवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

मास्तरांना वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी खराखुरा बँड उभा करायचा होता. बेसवर त्यांचा मेहुणा, बोंगोवर, म्हणजे हातानं वाजवायच्या जुळ्या ढोलक्यांवर, कोपऱ्यावरचा न्हावी. गिटारवर जाऊबाई. आणि मी? मी तेव्हा खुर्चीच्या पायाचा गंज खरवडत बसले होते. मास्तरांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, "तुमच्या हातात ताल आहे. तुम्ही गुइरा घ्या." गुइरा म्हणजे पत्र्याची खरबरीत नळी, काट्यानं घासायची. आमचे हे तिला किसणी म्हणतात. म्हणू देत. त्यांना तीही वाजवता येत नाही.

पहिल्या तालमीला साउंडवाल्यानं जाऊबाईंच्या गिटारीला वायर लावली. साउंडवाल्याचं टोपणनाव कानसेन. एका कानानं त्याला जरा कमीच ऐकू येतं, म्हणूनच लोकांनी ठेवलं असणार. जाऊबाईंनी पहिली तार छेडली आणि मी खरंच दचकले. आमच्या दुकानात गोड वाजणारी गिटार स्पीकरमधून अशी आली की पत्र्याच्या डब्यात कुणी खडे हलवतंय. कानसेननं आवाज वाढवला तर गिटार घुमायला लागली. घूंऽऽ असा आवाज पोटातून निघाला, वाढत गेला आणि थांबेना. नाचणाऱ्यांनी कानावर हात ठेवले.

"असं कसं चालेल?" मास्तर म्हणाले. "बचाटाची गिटार स्वच्छ हवी. मण्यांची माळ तुटून फरशीवर एकेक मणी टपकतो ना, तशी. प्रत्येक मणी वेगळा ऐकू आला पाहिजे. ही पोकळ गिटार सोडा, मी तुम्हाला भरीव लाकडाची इलेक्ट्रिक आणून देतो."

"नको," जाऊबाई म्हणाल्या.

"का पण?"

"ही माझ्या मांडीला बसली आहे."

मास्तरांचा मेहुणा मागून म्हणाला, "नाचता येईना अंगण वाकडं." मी किसणीचा काटा त्याच्या दिशेनं धरला. तो बेस जुळवायला लागला.

परत येताना मी जाऊबाईंना म्हटलं, घ्या की दुसरी, एवढं काय त्यात? त्यांनी रस्त्यातच मला थांबवलं. "धाकटे, आपल्या दुकानातून जे जे बाहेर पडतं, त्याच्यावर दुसरंच कुणीतरी जाऊन बसतं. ही एक वस्तू माझी आहे. हिच्यावर कुणी बसायचं नाही." त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

तीन-चार तालमी झाल्या. गिटार कधी घुमायची, कधी खडखडायची, आणि कार्यक्रम जवळ आला. मग मास्तरांनी आम्हाला बाजूला घेतलं. आवाज अगदी गोड करून म्हणाले, "माझ्याकडे रेकॉर्ड आहे. त्यातली फक्त गिटार कानसेन सोडेल. बाकीचे खरे वाजवतील. तुम्ही स्टेजवर बसा, गिटार हातात घ्या आणि वाजवल्यासारखं करा. कुणाला कळणार आहे?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "मास्तर, मग तुम्ही तरी खरं कशाला नाचता? पडदा लावा, पडद्यावर दुसरं कुणीतरी नाचेल, तुम्ही बाजूला उभं राहून हात हलवा." आणखीही बरंच म्हटलं, सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. पण जाऊबाई एक शब्द बोलल्या नाहीत. तोंडात खिळे नव्हते तरी बोलल्या नाहीत. मला तेच सहन होईना. अपमान झालाय तुमचा, आणि भांडतेय मी एकटी?

शेवटी एवढंच म्हणाल्या, "शेवटच्या तालमीला ऐका. स्वच्छ वाटली तर मी वाजवणार. नाही वाटली तर मी येणारच नाही. वाजवल्यासारखं मात्र करणार नाही."

मास्तर म्हणाले, "चालेल." चालेल म्हणणं सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी जाऊबाईंनी कानसेनला दुकानात बोलावलं आणि समोर बसवलं. "रोग काय आहे ते सांग. औषध माझं मी बघते." कानसेननं बरा कान पुढे केला आणि सांगितलं. रोग दोन आहेत. एक, गिटारीचं पोट पोकळ. स्पीकरचा आवाज पोटात शिरतो, घुमतो, तोच पुन्हा स्पीकरमधून बाहेर येतो, पुन्हा शिरतो. दुसरा, तो पट्टीखालचा पिकअप. त्याला लाकडाचा गोडवा कळतच नाही. तारेवर बसलेला टोला तेवढा तो जशाच्या तसा उचलतो. "दुसऱ्याचं मी साउंडच्या मिक्सरवर बघेन," तो म्हणाला. "पण पोटाचं काय करायचं?"

पोकळ जागा कशी भरायची, हे तो सोफेवाल्यांना विचारत होता.

कानसेन जायच्या आत भाऊजींनी फोमचे तुकडे आणून ठेवले. "कशाला या उठाठेवी" असं पुटपुटत, पण आणले. मऊ, मध्यम, कडक असे तिन्ही. जाऊबाईंचा हात गिटारीच्या भोकातून आत जाईना, माझा जातो. म्हणून मी गिटारीत हात घालून बसले आणि त्या मला वरून सांगत होत्या. आता सोफेवाल्याची एक सवय असते. उशी भरताना मापापेक्षा थोडं जास्तच भरायचं, कारण माणूस बसला की ती दबते. आम्ही गिटार तशीच भरली. कोपऱ्या-कोपऱ्यात बोटानं दाबून, ठासून, अगदी तट्ट. वर भोकालाही फोमची चकती.

दुकानात जुना छोटा स्पीकर होता, त्याला वायर लावून जाऊबाईंनी वाजवलं. घुमणं गायब. खडखडाट गायब. त्यांचा चेहरा असा उजळला की मी तो आधी कधी पाहिलाच नव्हता. "हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो आवाज, धाकटे. बरोबर असाच."

मला काहीतरी खटकत होतं. आवाज जाड होता. धप, धप, जसं कुणी गादी झटकतंय. तालमीआधी मी हॉल झाडायला लवकर जायचे, कधी कधी वर्ग चालू असताना कोपऱ्यात उभी राहायचे. तिथे ऐकलेली गिटार अशी नव्हती. आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जाऊबाई हॉलमध्ये कधी गेल्याच नव्हत्या, आमच्या तालमींखेरीज. इतकी वर्षं त्यांनी बचाटा ऐकला तो भिंतीतून, आणि मोबाइलच्या त्या एवढ्याशा स्पीकरवर, हातोडी चालू असताना. त्यांच्या कानात बसलेला बचाटा हा भिंतीतला बचाटा होता. आम्ही आज गिटारीच्या पोटात ती भिंतच बांधली होती.

"जाऊबाई," मी म्हटलं, "रागावू नका. हा भिंतीतला आवाज आहे."

रागावल्या. चांगल्याच रागावल्या. मला बहिरी म्हणाल्या, कानसेनची जुळी बहीण म्हणाल्या, आणि कानसेन तिथेच उभा होता. मीही काही कमी नाही, मीही बोलले. शेवटी मी त्यांचं मनगट धरलं आणि ओढत हॉलमध्ये नेलं. वर्ग चालू होता. मी त्यांना थेट मोठ्या स्पीकरसमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, "आता ऐका."

त्यांनी ऐकलं. एक गाणं, मग दुसरं. जोड्या त्यांना वळसा घालून नाचत होत्या. मास्तर लांबून बघत होते, काय चाललंय म्हणून. जाऊबाई हलल्या नाहीत. तिसऱ्या गाण्याला त्यांनी डोळे पुसले. मला वाटलं, अपमान आठवला असेल. पण त्या म्हणाल्या, "एवढं सगळं होतं यात? इतकी वर्षं मी निम्मंच ऐकलं?" भांडखोर बाईचं एक असतं, रडू आलं की तिला शब्द सुचत नाहीत.

मग खरं काम सुरू झालं. आम्ही फोम काढत गेलो. थोडा काढायचा, वायर लावायची, ऐकायचं. कळलं ते असं की फोम समोरच्या पातळ फळीला टेकला की आवाज मरतो, आणि अजिबात नसला की घुमतो. म्हणून कडक फोम गेला, मध्यम गेला, आणि शेवटी मऊ फोमचा एकच पट्टा उरला. तो पाठीच्या फळीला लागून राहिला, समोरच्या फळीला अजिबात शिवत नव्हता. सरकू नये म्हणून जाऊबाईंनी वाकडी सुई घेऊन तो माझ्या बोटांच्या आधारानं आतल्या आत टाचला. माझ्या बोटाला दोनदा टोचली. भोकावर रबराचं झाकण. जुन्या जाड तारा काढून बारीक, नव्या तारा. हात पट्टीच्या जवळ आणून वाजवायचं, म्हणजे टोला कडक आणि सुटा.

उरलेलं कानसेननं केलं. मिक्सरवरचा मधला, नाकातला आवाज उतरवला, खडखडाट तिथेच होता. जोरात वाजलेले सूर खाली दाबले, हळू वाजलेले वर उचलले, म्हणजे सगळे मणी एका मापाचे. आणि वर थोडासा कोरस. त्यानं मला समजावलं की कोरस म्हणजे त्याच गिटारीची सावली, तिच्या किंचित मागून चालणारी. "जास्त झाली तर आवाज पाण्यात बुडतो," तो म्हणाला. जाऊबाई म्हणाल्या, "मग जास्त करू नकोस." शेवटी जो आवाज लागला तो ऐकून भाऊजी दाराशी आले आणि नुसते उभे राहिले. "उठाठेव" हा शब्द त्यांनी त्यानंतर उच्चारला नाही.

शेवटच्या तालमीला गिटार घुमली नाही. खडखडली नाही. जाऊबाईंनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर म्हणाले, "ठीक आहे. बरंच सुधारलंय. वाजवा तुम्ही." मेहुण्यानं मुकाट मान डोलावली, ते त्याचं नशीब.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी हॉल भरला होता. आमच्या पायाशी एक छोटा स्पीकर टिकटिक देत होता. मास्तरांना ताल पक्का लागतो, म्हणून आम्ही तालमीपासूनच त्या टिकटिकीवर वाजवत होतो. ती कानसेनच्या लॅपटॉपमधून यायची. पहिल्या रांगेत भाऊजी नवा शर्ट घालून बसलेले, शेजारी आमचे हे. मास्तर आणि त्यांची जोडीदारीण मधोमध.

जाऊबाईंनी सुरुवात केली आणि आवाज हॉलभर पसरला. काय सांगू तुम्हाला. काचेचे मणी, एकेक मणी वेगळा, चमकणारा, फरशीवर टपकत जाणारा. जोड्या निघाल्या. मी किसणी घासता घासता जाऊबाईंकडे पाहिलं. त्या हसत होत्या. आमच्या जाऊबाई स्टेजवर, दिव्याखाली, सगळ्यांसमोर दात दाखवून हसत होत्या. मला वाटलं, झालं, जिंकलो. फोमचा पट्टा बसला. सगळ्या उठाठेवीचं सोनं झालं.

मग ते हसू गेलं.

मला काही कळेना. आवाज तर सुरेख चालला होता. जाऊबाईंनी डावा हात गिटारीच्या मानेवर खालपासून वरपर्यंत जोरात सरकवला. बोटं पीळ दिलेल्या तारेवरून अशी सरकली की एक चीं असा आवाज होतो, दुकानात तर कान किटायचे. स्पीकरमधून चीं आला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पुढच्या ओळीत मुद्दाम, माझ्या डोळ्यांत बघत, एक सूर चुकीचा वाजवला. माझ्या कानाशेजारी, लाकडातून, तो चुकीचा सूर मला स्पष्ट ऐकू आला.

स्पीकरमधून बरोबर सूर आला.

मी कानसेनकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली होती. मास्तर नाचत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. त्या न बघण्यातच सगळं कळलं. टिकटिकीशी जुळवून रेकॉर्डच लावली होती. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की किसणी त्यांच्या डोक्यात घालावीशी वाटली. पण जाऊबाईंनी माझ्याकडे बघून किंचित मान हलवली. म्हणजे, तू चालू ठेव.

मी चालू ठेवलं.

जाऊबाईंनी तारा छेडायची नखी तारांवरून काढली आणि ओठांत धरली, खिळे धरतात तशी. मग दोन्ही हात उचलले. सगळ्या हॉलला दिसतील असे वर धरले आणि गिटारीवर, मांडीवर, घडी घालून ठेवले. आणि नुसत्या बसून राहिल्या.

गिटार वाजत होती. एकही सूर चुकत नव्हता.

आधी भाऊजींना दिसलं. ते अर्धवट उठले. मग पहिल्या रांगेत कुजबूज. मग एक जोडी थांबली, तिच्या मागची तिला धडकली, आणि हळूहळू सगळा हॉल स्टेजवर बसलेल्या त्या बाईकडे बघायला लागला. हात मांडीवर, तोंडात नखी, आणि तिच्यासमोर तिची गिटार एकटीच गातेय. कुणीतरी हसलं. बरेच जण हसले नाहीत. शेवटी फक्त मास्तर नाचत होते, कारण त्यांनी अजून पाहिलं नव्हतं. जोडीदारणीनं त्यांच्या खांद्यावर टकटक केलं तेव्हा त्यांनी पाहिलं.

जाऊबाईंनी नखी तोंडातून काढली. आवाज मोठा केला नाही. तो आपोआपच सगळीकडे पोचला. "कानसेन, आता माझी गिटार लाव."

कानसेननं मास्तरांकडे पाहिलं. मग आपल्या बोटांकडे पाहिलं. मग त्यानं मिक्सरवरची एक पट्टी खाली ओढली आणि दुसरी वर सरकवली. रेकॉर्ड मध्येच तुटली. गिटारीविना उरले न्हाव्याचा बोंगो, बेस आणि माझी किसणी. मी इतक्या जोरात घासत होते की काट्याचा दांडा तळहातात रुतला होता. पण मी थांबले नाही, न्हावी थांबला नाही, आणि टिकटिकीची आम्हाला गरजच नव्हती. चौथा ठोका मी जाऊबाईंच्या हातोडीसारखा वजनानं दिला.

त्यावर त्या आल्या.

त्यांचा आवाज रेकॉर्डसारखा नव्हता. थोडा खरखरीत होता, थोडा लाकडाचा होता. बोट सरकलं तिथे चीं झालं, आणि त्या चींनंतर सगळे मणी सुटे, स्वच्छ, एकेक. घुमली नाही. एकदाही घुमली नाही. माझ्या डाव्या बाजूनं चीं ऐकू आलं तेव्हा मला कळलं की मी रडतेय आणि किसणी वाजवतेय, दोन्ही एकाच वेळी.

नाचणारे क्षणभर तसेच उभे होते. मग मागच्या बाजूची एक वयस्क जोडी निघाली, मग सगळे. भाऊजी उभ्या उभ्याच टाळ्या वाजवत होते, आणि तेही तालात. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना कधी तालात काही करताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर मास्तर पुष्कळ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, संपलं. बरं झालं. माझी भांडणाची सगळी तयारी झालेली होती आणि कुणाशी करावं कळत नव्हतं. मग एका दुपारी ते आले. ताठपणा थोडा उतरला होता.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "मला भीती वाटली होती. ऐन वेळेला गिटार घुमली असती तर वर्गाचं नाव खराब झालं असतं, म्हणून मीच कानसेनला सांगितलं. लोक आता विचारतायत, ती बाई पुन्हा कधी वाजवणार? तुम्ही या. खरंच वाजवा."

मी तोंड उघडणार, तोच जाऊबाईंनी हातोडी वर केली. तोंडात खिळे होते. त्यांनी एकेक काढून डबीत टाकले. मग उठल्या आणि कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून मास्तरांसमोर ठेवली. सांगाडा नवा, वर कापड सुरेख ताणलेलं, कडेनं गोटसुद्धा. पण खाली पट्ट्या नाहीत, स्प्रिंग नाही, फोम नाही. गिऱ्हाइकाला कापडाचा रंग दाखवायला नुसते टाके घातलेले. बसलं तर माणूस सरळ फरशीवर.

"बसा ना, मास्तर," जाऊबाई म्हणाल्या.

मास्तरांनी हात खुर्चीवर ठेवला. कापड आत गेलं. त्यांनी हात मागे घेतला.

"नाही, नुसतं बसल्यासारखं करा," जाऊबाई म्हणाल्या. "कुणाला कळणार आहे?"

भाऊजींनी करवत थांबवली. मास्तरांचे कान लाल झाले. आणि मग त्या माणसानं, काही झालं तरी नाचणाऱ्याच्या मांड्या त्या, गुडघे वाकवले आणि खुर्चीला न टेकता तसाच अधांतरी बसला. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. बसल्यासारखा.

"हां, अस्सं," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या कार्यक्रमाएवढा वेळ."

त्या परत आपल्या कामाला बसल्या. कापड ताणलं. पहिला खिळा, दुसरा, तिसरा. मास्तर तसेच होते. थोड्या वेळानं त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. कपाळावर घाम आला. पण ते उठले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगते. बऱ्याच वेळानं खालच्या आवाजात म्हणाले, "कळलं, बाई."

जाऊबाईंनी पायानं एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. भरीव, चामड्याचं, दोन माणसं नाचली तरी दबणार नाही असं. मास्तर त्यावर बसले आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला.

"वाजवीन. पण वायर मी लावणार," जाऊबाई म्हणाल्या, आणि खिळे तोंडात टाकले.